जनावरांची खरूज आणि खाजेचे कारण

मेंढ्या, शेळ्या व म्हशींची पारडी यांना खरूज झाली म्हणजे खाज सुटते, हे प्रत्येक पशुपालकास ठाऊक असते. ही खाज नेमकी कशामुळे उत्पन्न होते, याकडे मात्र सहसा लक्ष दिले जात नाही. परिणामी उपचार उशिरा सुरू होतो व पुष्कळदा वेळेपूर्वीच सोडून दिला जातो.

खरजेचा जंतू हा कीटक नव्हे. तो आठ पायांचा, गोचिडाच्या जातकुळीतील सूक्ष्म कोळी होय. सार्कोप्टिस कोळ्याची मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून तेथेच अंडी घालते. मेंढ्यांवरील सोरोप्टिस कोळी बीळ करीत नाही. तो लोकरीच्या मुळाशी कातडीवर राहतो. कोळी चावतो म्हणून खाज सुटते, असा सर्वसाधारण समज आहे, परंतु तो अपुरा आहे. कोळ्याची लाळ व विष्ठा ही परकी द्रव्ये आहेत असे शरीर ओळखते व त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते. पुढे त्याच द्रव्यांचा पुन्हा संबंध आला की कातडीतील काही पेशी हिस्टामीनसारखे पदार्थ सोडतात. मग कातडी सुजते, तीतून पिवळसर द्राव पाझरतो व खाज सुटते. यासच ॲलर्जी म्हणतात.

सोरोप्टिसच्या बाबतीत तर हा पाझरलेला द्रावच कोळ्याचे खाद्य ठरतो! शरीराने बचावासाठी केलेली खटपट शत्रूच्याच पोषणास लागते. द्राव वाळून खपल्या धरतात आणि कोळी खपलीच्या ओलसर कडेकडे सरकतात. म्हणून तपासणीसाठी खरवड मधल्या कोरड्या भागाची न घेता कडेची घ्यावी.

शरीरास ही ओळख पटण्यास वेळ लागतो. पहिल्यानेच लागण झालेले जनावर कित्येक आठवडे अंग घासत नाही. पूर्वी खरूज होऊन गेलेले जनावर मात्र थोड्याच दिवसांत अस्वस्थ होते. बाजारातून आणलेली मेंढी शांत उभी आहे, लोकरही शाबूत आहे, एवढ्यावरून ती निरोगी ठरत नाही. तिला कळपात सोडण्यापूर्वी किमान 3 ते 4 आठवडे वेगळे बांधावे. फार रोडावलेल्या जनावरात कधी उलट प्रकार दिसतो : कातडी जाड होते, कोळी असंख्य असतात आणि खाज मात्र बेताची असते.

उपचारानंतर कोळी मेले, तरी त्यांचे अवशेष कातडीत राहतात व खाज काही दिवस टिकते. औषध लागू पडले नाही असे समजून घाईने मात्रा वाढवू नये किंवा यंत्रातले जळके तेल चोपडू नये. त्याने विषबाधा होऊ शकते. याउलट, खाज थांबली तरी अंडी शिल्लक असू शकतात. आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन अंड्यांवर परिणाम करीत नाही; म्हणून सार्कोप्टिसच्या खरजेत साधारणपणे 14 दिवसांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. मात्रा जनावराच्या वजनावर ठरते व ती पशुवैद्यकाकडूनच द्यावी. दुभत्या जनावराबाबत दुधाचा प्रश्न त्यास आधी विचारावा. उपचार मात्र खाजवणाऱ्या जनावरापुरता न ठेवता त्याच्यासंगे राहणाऱ्या सर्व जनावरांवर एकाच दिवशी करावा.