पांडुरंग सांगवीकरचा असंतोष

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा लेखकाचे वय २५ होते आणि नायक पांडुरंग सांगवीकरचेही तेवढेच. खानदेशातील खेड्यातून पुण्याच्या महाविद्यालयात आलेल्या या तरुणाचे तुटलेपण समीक्षकांनी बहुधा अस्तित्ववादाच्या परिभाषेत मांडले. ती मांडणी चुकीची नव्हे. परंतु पांडुरंगच्या असंतोषाला एक निश्चित प्रदेश आणि काळही आहे.

१९४९ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाच्या कक्षेत त्या वेळी खानदेशही येत असे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत शेतकरी घरांतील मुले पुण्याच्या वसतिगृहांत मोठ्या संख्येने येऊ लागली. पांडुरंग गरीब नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वडील गावातले वजनदार, सधन गृहस्थ. पदवीवाचून पोट अडणार नव्हते आणि पदवी घेऊन शेतीत परतण्यातही अर्थ नव्हता. अशा मुलाला शिक्षण नेमके कशासाठी हवे, हे कोणालाच सांगता येत नाही. तो प्रारंभी उत्साहाने महाविद्यालयाच्या उपक्रमांत शिरतो, खाणावळीचा कारभार अंगावर घेतो आणि कर्जात सापडतो. वडील पैशांचा हिशेब मागतात. मुलाजवळ द्यायला असतो तो वाया गेलेल्या वर्षांचा हिशेब. पितापुत्रांतील हे भांडण स्वभावाचे खरे, पण त्याहून अधिक ते दोन व्यवस्थांचे आहे.

धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, तो भाग कादंबरीचा गाभा होय. एरवी प्रत्येक गोष्टीची टवाळी करणारी लेखणी येथे मुकाट होते. देवीची लस मुंबईत १८०२ सालीच पोचली होती. देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम मात्र १९६२ साली सुरू झाला आणि देशातील अखेरचे रुग्ण १९७५ साली आढळले. पांडुरंगच्या शोकाला म्हणूनच केवळ दैवाचे नाव देता येत नाही. पुण्यात तत्त्वचर्चा करणाऱ्या भावाच्या घरात टाळता येण्याजोगा मृत्यू घडतो.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. खेड्यांतील कर्त्या पिढीपुढे नवी क्षेत्रे खुली होत होती. नेमक्या त्याच सुमारास कादंबरीतला पांडुरंग पदवी न घेता गावी परततो आणि रिकाम्या तरुणांच्या घोळक्यात बसून त्यांच्या गप्पा ऐकू लागतो.