करार कुठे आहे?

महापालिकेचा हिशेब : लेखांक 6

मागच्या आठवड्यात आपण निविदेची वाट पाहिली. अंदाजपत्रक, जाहिरात, देकारांची पाकिटं, सर्वांत कमी दर आणि शेवटी कार्यादेश. हे सगळं पैसे खर्च होण्याआधीचं. या वेळी खर्चानंतरचं, म्हणजे ऑडिटचं. त्यासाठी मुंबईकराला लांब जायला नको. 25 मार्च 2023 रोजी देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत मांडलेला, मुंबई महापालिकेच्या कारभारावरचा ‘कॅग’चा विशेष अहवाल पुरेसा आहे. राज्य सरकारने 76 कामं तपासायला दिली होती आणि त्यांची एकूण रक्कम होती 12,023.88 कोटी रुपये.

त्या दिवशी टीव्हीवर गाजलं ते वेगळंच: बारा हजार कोटी, विनानिविदा कंत्राटं, कोण कोणाचा माणूस. विनानिविदा कामं होतीच. दोन विभागांची 20 कामं, 214.48 कोटींची. पण माझ्या मते अहवालातलं सर्वांत वजनदार निरीक्षण फारसं कोणी वाचलंच नाही. ते असं, की 64 कंत्राटदारांची 4,755.94 कोटींची कामं महापालिकेने त्यांच्याशी करार न करताच होऊ दिली.

हे वाक्य रूक्ष आहे, म्हणून निसटतं. कार्यादेश म्हणजे ‘काम सुरू करा’. करार म्हणजे ‘आणि नाही केलंत तर?’ मुदत उलटली तर दंड किती, अनामत रक्कम कधी परत, दोषदायित्वाची वर्षं किती, वाद झाला तर निवाडा कोण करणार, हे सगळं करारात. मुलुंडच्या एखाद्या गल्लीतला सिमेंटचा रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला, तर वॉर्ड ऑफिसातला दुय्यम अभियंता कंत्राटदाराला नोटीस काढतो ती कराराच्या कलमावर बोट ठेवून. सही-शिक्क्याचा करारच नसेल तर नोटिशीत लिहायचं काय? मग तोच रस्ता पुन्हा दुरुस्त होतो, पुन्हा आपल्या पैशाने, आणि कागदोपत्री ते नवं काम असतं. यात लाच कोणी घेतली असेलच असं नाही. पण उद्या कोणाला जाब विचारायची वेळ आली तर हाताशी काही राहत नाही, आणि हे अधिक वाईट.

तीन विभागांच्या 13 कामांवर, 3,355.57 कोटींच्या, त्रयस्थ लेखापरीक्षकच नेमला नव्हता, हा त्याच अहवालातला आणखी एक आक्षेप. तो बरोबरच. फक्त त्रयस्थ माणूस नेमला की भागलं, असं मुंबईत तरी कोणी म्हणू नये. 2016 च्या रस्ते घोटाळ्यात 34 रस्त्यांच्या कामांवर गुन्हा नोंदला गेला, तेव्हा अटक झालेल्यांत ज्यांनी दर्जा तपासायचा त्या त्रयस्थ संस्थांची माणसंही होती.

आता दहिसर. तिथल्या एकसर गावातली 32,394.90 चौरस मीटर जमीन 1993 च्या विकास आराखड्यात बाग, क्रीडांगण आणि प्रसूतिगृहासाठी राखून ठेवलेली. डिसेंबर 2011 मध्ये महापालिकेने ती घ्यायचा ठराव केला. अंतिम मूल्यांकन झालं ते 349.14 कोटींचं, कॅगच्या हिशेबाने 2011 च्या आकड्याहून 716 टक्क्यांनी जास्त. एवढं मोजूनही जमीन मोकळी नव्हती. तिच्यावर अतिक्रमण होतं आणि त्या लोकांच्या पुनर्वसनाला आणखी 77.80 कोटी लागणार होते. बोरिवली-दहिसरच्या पट्ट्यात राहणाऱ्याला या प्रकाराची चाल ओळखीची वाटेल. आरक्षण पडतं, फाइल झोपते, जमिनीचा भाव झोपत नाही, आणि झोपड्या तर नाहीच नाही. बागेचं नाव पुढे करून चढ्या भावाने जमीन घेतली, असा आरोप करणं सोपं आहे. खरा प्रश्न मधल्या वर्षांचा आहे. त्या वर्षांत फाइल कोणाच्या टेबलावर किती दिवस होती, हे लेखापरीक्षक विचारू शकतो, कारण प्रत्येक टिप्पणीखाली तारीख असते.

म्हणजे कागद नसला की लेखापरीक्षकाला लगेच कळतं. कागद असून खोटा असला तर? मिठी नदीच्या गाळाचं प्रकरण हेच. गाळ काढायचा, ट्रकमध्ये भरायचा, वजनकाट्यावर तोलायचा आणि शहराबाहेर ज्याच्याशी सामंजस्य करार झाला आहे त्याच्या जागेत टाकायचा. बिल निघतं ते पावत्यांवर. मे 2025 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने सुमारे 65 कोटींच्या फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. त्यातला एक आरोप असा, की गाळ टाकायच्या जागांचे करारच बनावट होते. खटल्यात काय सिद्ध होईल ते होईल. पण इथे कागदांची फाइल भरलेली होती, हे लक्षात घ्या. आणि नदीच्या तळातला गाळ खरोखर निघाला की नाही, हे पहिल्या पावसानंतर ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही! म्हणून आता गाळ उपसताना आणि टाकताना व्हिडिओ काढायची सक्ती आहे. व्हिडिओ हाही एक कागदच, हे विसरू नये एवढंच.

कॅगच्या अहवालाला दोन मर्यादा होत्या आणि त्या सांगितल्याशिवाय हा लेखांक पुरा होत नाही. पहिली राजकीय. तपासायचा काळ सुरू होतो 28 नोव्हेंबर 2019 पासून, म्हणजे उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली त्या दिवसापासून! हा योगायोग समजणारा भाबडा माणूस मला अजून भेटायचा आहे. कॅग महापालिकेकडे आपणहून येत नाही; 1971 च्या कायद्यानुसार सरकारने काम सोपवावं लागतं. कुठून कुठपर्यंत बघा, हेही मग सोपवणाराच ठरवतो. याने अहवालातली निरीक्षणं खोटी ठरत नाहीत, पण आधीची वर्षं आणि बाकीच्या महापालिका अंधारात राहतात.

दुसरी मर्यादा महापालिकेने घातली. कोविडकाळातल्या 3,538.73 कोटींच्या कामांची कागदपत्रं साथरोग कायद्याचा हवाला देऊन लेखापरीक्षकांना दिलीच गेली नाहीत. साथीत निविदेला वेळ नसतो, हे मान्य. पण तातडीने घेतलेल्या वस्तूचा हिशेबही तातडीनेच गुंडाळायचा, असं 1897 च्या त्या कायद्यात कुठे आहे? ही कामं वजा केली तर तपासणीला उरतात साडेआठ हजार कोटींच्या आसपास. करार नसलेली कामं त्याच्या निम्म्याहून जास्त भरतात.

कॅग क्वचित येतो. रोजचं ऑडिट महापालिकेच्याच मुख्य लेखापरीक्षकाचं, आणि तो आपला अहवाल स्थायी समितीपुढे ठेवतो. या समितीचं मूळ जुनं आहे. आर्थर क्रॉफर्ड आयुक्त असताना खर्च आणि कर इतके चढले की करदाते खवळले. 1871 मध्ये क्रॉफर्ड गेले आणि 1872 च्या कायद्याने निवडून आलेले सदस्य असलेली महापालिका आली, खजिन्यावर नजर ठेवायला ‘टाउन कौन्सिल’ आलं. 1888 च्या कायद्यात त्याचीच स्थायी समिती झाली. 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं आयुक्त हेच प्रशासक, आणि स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. खर्च मंजूर करणारा, करणारा आणि खर्चावरचे आक्षेप वाचणारा एकच. स्थायी समितीवर टक्केवारीचे आरोप पिढ्यान्‌पिढ्या झाले आहेत, ते उगाच नव्हेत. तरीही तिथे निदान एक विरोधी नगरसेवक फाइल उघडून ओरडायचा.

तुम्हाला काय करता येईल? अंधेरीत के-पूर्व किंवा के-पश्चिम, घाटकोपरला एन, मुलुंडला टी, बोरिवलीत आर-मध्य; आपल्या विभाग कार्यालयात माहिती अधिकाराचा 10 रुपयांचा अर्ज द्या आणि दारासमोरच्या रस्त्याच्या कामाच्या कराराची प्रत मागा. कार्यादेशाची नव्हे, कराराची. 2005 च्या कायद्यातल्या ‘माहितीच्या अधिकारा’च्या व्याख्येत आणखी एक गोष्ट आहे, तिचा वापर आपण जवळजवळ करतच नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही त्यात हक्क आहे. अर्जात तसं स्पष्ट लिहा.

पुढच्या लेखांकात मोजमाप पुस्तिका: कनिष्ठ अभियंत्याच्या हातातली ती वही, जिच्यातल्या नोंदीवर बिल निघतं.