भात काय वाईट?

आमच्या आंबी गावात कुणाला साखर निघाली की पहिला बळी भाताचा जातो. माझ्या धाकट्या दिरांचंही तेच झालं. वर त्यांचा सवाल, "वहिनी, माझ्यासारख्या काटकुळ्याला कशी साखर?"

याचं उत्तर पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपण भारतीय वरून बारीक दिसतो, पण आत चरबी जास्त, स्नायू कमी. मग इन्सुलिन असूनही त्याचं चालत नाही.

दिरांनी भात सोडला आणि नाचणीच्या भाकरी सुरू केल्या. एका बैठकीला तीन-तीन. आता नाचणी चांगलीच, पण तीही पिष्टच की. आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीचे निष्कर्ष २०२५ साली आले. आपल्या आहारातले ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात. नुसता तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य घातल्याने धोका घटत नाही. एकूण पिष्ट थोडं कमी करून ती जागा डाळी, दूध-दह्याला दिली तर घटतो, असं त्यात दिसलं.

म्हणून आमच्या इंद्रायणी तांदळाला मी ताटातून उठू देणार नाही. १९८७ साली वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेलं हे वाण, आंबेमोहराचा वास घेऊन आलेलं. वाटीभर घ्या, शेजारी मटकीची उसळ दुप्पट घ्या. पूर्वी भात पातेलंभर खपायचा, पण खाणारे दिवसभर चिखलणी-लावणीत वाकलेले असत. आता कंपनीची बस दारात येते. जेवल्यावर जरा चाला. चालताना स्नायू इन्सुलिनवर फारसे विसंबून न राहता रक्तातली साखर ओढून घेतात.

आता गोळीचं. साखरेवर नेहमी दिलं जाणारं मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर आवरतं. ती गोळी जेवणासोबत घ्यावी, नाहीतर पोट बिघडू शकतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासून घ्या. आणि आकडा सुधारला म्हणून परस्पर बंद करू नका.

आता दिरांच्या डोक्यात नवं इंजेक्शन शिरलंय. मौंजारो २०२५च्या मार्चमध्ये भारतात आलं, जूनमध्ये वेगोव्ही. भूक कमी होते, वजन उतरतं, खरं. पण चरबीबरोबर स्नायूही झडतात. लठ्ठ माणसाला डॉक्टर विचार करून देतील. आमच्या भाऊजींकडे झडायला स्नायू आहेत कुठे?