विश्लेषण : ऑफिसचा पंखा सतत कमी-जास्त झाला, तर वीजबिल का वाढते?

मुंबई-पुण्यातल्या काचेच्या ऑफिस इमारतींत बहुतेक खिडक्या उघडतच नाहीत. ताजी हवा डक्टमधून, पंख्याच्या जोरावर आत येते. (घरातला साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा गार करून फिरवतो, हे अनेकांना ठाऊक नसते.)

पंखा दिवसभर पूर्ण वेगाने चालवणे सोपे, पण महाग. त्यात पावसाळ्यात बाहेरच्या हवेतले बाष्पही काढावे लागते. म्हणून अनेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर बसवतात. बाहेरच्या हवेत हा वायू सुमारे ४२० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भाग असतो. बंद मीटिंग रूममध्ये दहा माणसे बसली की तो तासाभरात हजाराच्या पुढे सहज जातो. सेन्सर आकडा सांगतो, त्यावरून कंट्रोलर पंख्याचा वेग ठरवतो.

मग बिघडते कुठे?

पंखा वाढवला तरी खोलीतली हवा बदलायला काही मिनिटे लागतात. कंट्रोलर उतावळा असेल तर आकडा उतरेना म्हणून वेग वाढवतच राहतो. आकडा उतरतो तेव्हा हवा गरजेपेक्षा जास्त झालेली असते. मग वेग एकदम खाली, थोड्या वेळाने पुन्हा वर. अंघोळीला गरम-गार नळ फिरवत बसणाऱ्यासारखी गत. तंत्रज्ञ याला ‘हंटिंग’ म्हणतात. दुखणे जुनेच, वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरवर जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये शोधनिबंध लिहिला होता.

वीज किती वाया जाते?

पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला तर वीज एक-अष्टमांश लागते. पंखा ७० टक्के वेगाने स्थिर चालला, तर पूर्ण वेगाच्या ३४ टक्के वीज पुरते. तोच निम्मा वेळ १०० आणि निम्मा वेळ ४० टक्क्यांवर चालला, तर सरासरी वेग ७० टक्केच, हवाही तेवढीच. वीज मात्र ५३ टक्के. दीडपटीहून जास्त! हे कागदावरचे गणित आहे. मोटर आणि डक्टप्रमाणे आकडे बदलतील, पण तोटा होतोच. शिवाय डॅम्परच्या मोटरी झिजतात त्या वेगळ्या.

उपाय काय?

बहुतेकदा नवे यंत्र लागत नाही, ट्यूनिंग पुरते. सेन्सरच्या काही मिनिटांच्या आकड्यांची सरासरी घ्यायची. लक्ष्य ८०० पीपीएम असेल तर ७५० ते ८५० दरम्यान वेगाला हात लावायचा नाही. मात्र कंट्रोलर फार संथ केला, तर भरलेल्या मीटिंगमध्ये लोक पेंगू लागतात. केबिन पाडून हॉल केला की हे ट्यूनिंग पुन्हा तपासावे लागते, आणि नेमके तेच राहून जाते.

आपल्या इमारतीत काय चालले आहे, हे कळायला पंख्याच्या वेगाचा २४ तासांचा आलेख मागवावा. करवतीसारखे दाते दिसले, तर हंटिंग सुरू आहे.