लाल चौकटीची गोळी

म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यात औषधाच्या दुकानात कुणी अल्प्राझोलामची पट्टी मागितली, तर फार्मासिस्टने आधी चिठ्ठी मागायलाच हवी. पट्टीवरची लाल चौकट हेच सांगते. झोपेच्या, वेदनेच्या काही गोळ्यांची सवय जडते. अल्प्राझोलाम, कोडीन, ट्रामाडॉल अशी औषधं म्हणूनच ‘शेड्यूल एच-१’मध्ये आहेत. १ मार्च २०१४ पासून त्यांची विक्री वेगळ्या वहीत नोंदवावी लागते: डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं. वही ३ वर्षं जपायची.

मला मात्र त्याहून जुना नियम मोलाचा वाटतो. औषध दिल्यावर डॉक्टरांच्या सहीच्या वर दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख लिहायची. ही नोंद दिसली की पुढच्या दुकानात कळतं, या चिठ्ठीवर औषध देऊन झालंय. पुन्हा द्यावं असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर ते पुन्हा देता येत नाही.

पण कुणी दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या दोन दुकानांत नेल्या, तर एका वहीतलं दुसरीला कळत नाही. अमेरिकेत अशा नोंदी राज्यवार एकत्र संगणकावर दिसतात. आपल्याकडे सगळी भिस्त काउंटरमागच्या माणसावर. त्याने चिठ्ठी मागितली, तर रागावू नका. आधीपासून चालू असलेल्या गोळ्याही त्याला सांगा.