आधी बाइट वाचवा, मग बोर्ड

ऐंशी-नव्वदच्या दशकांत महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा किंवा पदवी घेतलेल्यांच्या बोटांना ‘३ई’ अजून आठवत असेल. ८०८५ मायक्रोप्रोसेसरच्या भाषेत त्याचा अर्थ, पुढचा बाइट ॲक्युम्युलेटरमध्ये भर. लॅबमधल्या किटवर असे हेक्स कोड एकेक करून टाकायचे आणि लाल सेव्हन सेगमेंट अंकांत उत्तर शोधायचं. स्क्रीन नाही, डिस्क नाही. एका बोर्डावर सगळा संगणक उघडा मांडलेला. ही किटं आता डेड स्टॉक रजिस्टरमधून निर्लेखित होऊन भंगारात चालली आहेत.

या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे इंटेलचं एसडीके-८५. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातलं हे किट ६.१४४ मेगाहर्ट्‌झच्या क्रिस्टलवर चालायचं. ८०८५ त्या वेगाला दोनाने भागतो. मूळ रॅम फक्त २५६ बाइट, पत्ता २००० पासून. त्यातलेही शेवटचे साठेक बाइट मॉनिटर प्रोग्राम स्वतःकडे ठेवायचा. कोणती कळ दाबली हे ओळखणं, अंक उजळवणं, तुमचा प्रोग्राम सुरू करणं ही सगळी कामं या मॉनिटरची. तो बसायचा २ किलोबाइटच्या रॉममध्ये. न्यूयॉर्क राज्यात शिकवणाऱ्या रमेश गावकरांच्या पाठ्यपुस्तकामुळे ८०८५ आपल्याकडच्या पिढ्यांना पाठ झाला. पुढे देशी कंपन्यांनी याच धर्तीवर स्वतःची किटं बनवली, स्वतःचे मॉनिटर लिहिले.

असं किट हाती आलं की पहिला मोह होतो पॉवर देण्याचा. तो आवरावा. अगोदर मॉनिटरची चिप काढून तिची प्रत घ्यावी. देशी किटांत ती बहुधा २७३२ किंवा २७६४ जातीची ईप्रॉम असते, काचेची खिडकी असलेली. अतिनील प्रकाशाने तिच्यातला मजकूर पुसला जातो. खिडकी उघडी असेल तर थेट उन्हात साधारण आठवडाभरात आणि ट्यूबलाइटखाली सुमारे तीन वर्षांत ती कोरी होऊ शकते, असं उत्पादकांच्याच माहितीपत्रकांत दिलेलं असे. शिवाय पेशींमधला विद्युतभार काळानुसार आपोआपही गळतो. म्हणून खिडकीवरचं जुनं लेबल सोलू नये. सुटलंच तर लगेच अपारदर्शक पट्टी लावावी. चिप निदान तीनदा वाचून तिन्ही फायली ताडून पाहाव्यात. त्या जुळल्या नाहीत तर एखादा बिट काठावर आला आहे असं समजावं.

एसडीके-८५च्या पद्धतीची ८७५५ चिप असेल तर काम अवघड. पत्ता आणि डेटा एकाच तारांवरून जात असल्याने २७ मालिकेसाठीचा साधा प्रोग्रामर तिला वाचू शकत नाही. छोट्या मायक्रोकंट्रोलरची जोडणी करून ती वाचावी लागते.

मग दुरुस्ती. रॅमचा मजकूर टिकवायला बोर्डवर निकेल-कॅडमियमची बॅटरी असेल तर ती आधी काढावी. तिच्यातून पाझरलेला क्षार तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकतो. पिवळे-निळे टॅंटलम कपॅसिटर शॉर्ट आहेत का, ते मीटरने तपासावं. जुना पॉवर सप्लाय बोर्डला न जोडता त्याचे पाच व्होल्ट स्वतंत्र मोजावेत, कारण रेग्युलेटर बिघडला असेल तर त्यापायी सगळा बोर्ड जाऊ शकतो. बऱ्याचदा दोष चिपमध्ये नसतोच, सॉकेटच्या काळवंडलेल्या पायांत असतो. प्रोसेसर किंवा डिस्प्लेची चिप खरंच मेली असेल तरी लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली धुंडाळता येते. मॉनिटरचे बाइट मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत.

माझ्या मते खरी निकड इथेच आहे. एसडीके-८५च्या मॅन्युअलमध्ये इंटेलने मॉनिटरचं अख्खं लिस्टिंग आणि सर्किट छापलं, म्हणून ते किट आज कुणीही नव्याने उभं करू शकतो. आपल्या देशी किटांचं असं झालेलं नाही. त्यांचे मॉनिटर लिहिणारे इंजिनिअर इथलेच, वापरणारे विद्यार्थीही इथलेच. ही नोंद बाहेरचं कुणी येऊन करणार नाही.

त्यासाठी फार सामग्री लागत नाही. बोर्डच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन, प्रत्येक चिपवरचा नंबर आणि तारखेचा चार आकडी कोड, ईप्रॉमची फाइल, कंटिन्यूइटी तपासत हाताने काढलेलं सर्किट, आणि मॉनिटर डिसअसेंबल करून प्रत्येक रूटीनपुढे लिहिलेली टीप. किटसोबत झेरॉक्स केलेलं मॅन्युअल सापडलं तर कोऱ्या प्रतीच्या शोधात ते बाजूला टाकू नये. चुकीचा छापलेला ऑपकोड कुणा शिक्षकांनी त्यावर पेनाने दुरुस्त केलेला असतो, आणि ती दुरुस्ती दुसरीकडे कुठेही नसते. त्या पानांचं स्कॅन रंगीत करावं, म्हणजे छापील मजकूर कोणता आणि शाई कोणती हे वेगळं कळेल.