ब्राझीलची खानेसुमारी आणि दारी आलेला पास्टर

पेरू देशातील चिक्लायो धर्मप्रांताचे आठ वर्षे बिशप असलेले रॉबर्ट प्रीव्होस्ट ८ मे २०२५ रोजी चौदावे लिओ या नावाने पोपपदावर आरूढ झाले, तेव्हा आपल्या खंडाची सुखदुःखे जवळून पाहिलेला पुरुष रोमच्या गादीवर आला म्हणून लॅटिन अमेरिकेतील कॅथलिक समाजाने धन्यता मानली. परंतु त्या घटनेस महिनाही पुरता लोटला नाही तोच, ६ जून रोजी, ब्राझीलच्या सांख्यिकी खात्याने २०२२ सालच्या खानेसुमारीतील धर्मविषयक आकडे प्रसिद्ध केले आणि त्या आनंदावर विरजण पडले. जगातील सर्वांत मोठे कॅथलिक राष्ट्र म्हणून ज्याची ख्याती, त्या देशात दहा वर्षांवरील लोकांपैकी केवळ ५६.७ टक्के लोक आज स्वतःस कॅथलिक म्हणवितात. १९७० साली हे प्रमाण ९१.८ टक्के होते. त्याच अवधीत इव्हँजेलिकल म्हणून नोंदविल्या जाणाऱ्या, म्हणजे मुख्यतः पवित्र आत्म्याच्या प्रत्यक्ष अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल प्रॉटेस्टंट पंथांच्या, अनुयायांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २६.९ टक्क्यांवर गेले.

हा ओघ पाहून आपल्याकडील वाचकाच्या मनात पहिला तर्क येतो तो पैशाचा. धर्मांतर म्हटले की आमिष आणि आमिष म्हटले की परदेशी द्रव्य, ही सांगड आपल्या सार्वजनिक वादांतून इतकी पक्की झाली आहे की तिच्यापलीकडे चौकशी करण्याची गरजच कोणास भासत नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन संस्थेने मात्र २०१३-१४ मध्ये लॅटिन अमेरिकेतील १८ देशांत आणि पोर्तो रिको बेटावर ३०,००० हून अधिक लोकांच्या मुलाखती घेऊन ही चौकशी केली. कॅथलिक घरात वाढून पुढे प्रॉटेस्टंट झालेल्यांपैकी सुमारे ८१ टक्क्यांनी ईश्वराशी अधिक वैयक्तिक नाते हवे होते असे सांगितले. ६९ टक्क्यांना नव्या मंडळीची उपासनापद्धती भावली. ५९ टक्क्यांना अडीनडीस अधिक साहाय्य करणारी मंडळी मिळाली. ५८ टक्क्यांकडे ती मंडळी आपण होऊन पोहोचली होती. आर्थिक भवितव्याचे कारण देणारे १४ टक्के निघाले. आर्थिक हेतू माणूस मोकळेपणाने कबूल करीत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. तथापि ८१ आणि १४ यांमधील अंतर केवळ संकोचाने भरून निघेल असे मला वाटत नाही. ल्यूथरने १५१७ साली जो सिद्धान्ताचा वाद मांडला तोही या कारणांच्या अग्रभागी दिसत नाही. तेव्हा जो मनुष्य सिद्धान्तासाठी जात नाही आणि बहुधा द्रव्यासाठीही जात नाही, तो जातो तरी कशासाठी, हा या लेखाचा प्रश्न आहे.

त्याच्या उत्तराचा आरंभ जुन्या दप्तरांत सापडतो. पोपने पोर्तुगालच्या राजास दिलेल्या 'पाद्रोआदो' नामक सनदेन्वये नव्या मुलखांतील बिशपांची नेमणूक राजाच्या शिफारशीने होई, दशांशाचा वसूल सरकारी खजिन्यात जमा होई आणि धर्मगुरूंचे वेतनही त्याच खजिन्यातून निघे. पोर्तुगीज अमलातील गोवा आणि वसई यांचा धर्मकारभारही याच सनदेखाली चालत असल्यामुळे ही व्यवस्था आपणांस सर्वस्वी परकी नाही. ब्राझीलमध्ये मात्र तिचा परिणाम असा झाला की १५५१ पासून १६७६ पर्यंत त्या अफाट प्रदेशाला साल्व्हादोरचा एकच धर्मप्रांत पुरवून घ्यावा लागला, आणि पुढेही १८९० साली प्रजासत्ताकाने धर्म व राज्य विभक्त करीपर्यंत धर्मसंस्थेला स्वतःच्या बळावर हातपाय पसरता आले नाहीत. फादर वर्षाकाठी एखादवेळी खेड्यात यावयाचा, साचून राहिलेले बाप्तिस्मे आणि विवाह उरकावयाचा, आणि पुढच्या गावी जावयाचा. मधल्या काळात लोकांचा धर्म लोकच चालवीत: घरातल्या देव्हाऱ्यात संताची मूर्ती, आजारपणात त्या संताला केलेला नवस, नवस फेडण्यासाठी केलेली यात्रा, आणि दृष्ट काढणारी, मंत्र पुटपुटणारी शेजारची वृद्धा.

हा धर्म गावाच्या मातीत घट्ट रुजलेला होता आणि गाव होते तोवर तो टिकला. परंतु १९४० साली ज्या देशात शंभरांपैकी सुमारे ३१ माणसे शहरांत राहत होती, तेथे २०१० पर्यंत ८४ राहू लागली. आणि साऊँ पाउलू किंवा रिओच्या झोपडपट्टीत जो शेतमजूर आपले बिऱ्हाड घेऊन उतरला, त्याचा संत, त्याची यात्रा आणि त्याची शेजारीण ही सर्व मागे गावी राहिली. नव्या वस्तीत मिस्सा अर्पण करणारा फादर नव्हता. कारण फादर घडविण्यास सेमिनरीतील सातआठ वर्षांचे शिक्षण आणि आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत लागते, आणि वस्त्या तर वर्षभरात उभ्या राहतात. तेथे एखाद्या बोळात, पत्र्याच्या छपराखाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून संध्याकाळी भजने म्हणणारी मंडळी मात्र होती, आणि तिचा पास्टर दिवसा गवंडीकाम करणारा, बायकामुलांचा धनी, त्याच बोळातला शेजारी होता.

अशा मंडळ्यांच्या सर्वांत मोठ्या पंथाचा ब्राझीलमधील उगमच एका आजारपणाशी निगडित आहे. दानिएल बेर्ग आणि गुन्नार विन्ग्रेन हे दोन स्वीडिश प्रचारक १९१० च्या नोव्हेंबरात ॲमेझॉनच्या मुखाजवळील बेलेंग बंदरात उतरले. आणि पुढच्या वर्षी, ओठांच्या असाध्य व्याधीने पीडलेली सेलिना आल्बुकेर्क नावाची स्त्री त्यांच्या प्रार्थनेने बरी झाली, तिला पवित्र आत्म्याचा अनुभव आला, आणि त्यातून जून १९११ मध्ये एक स्वतंत्र मंडळी निघाली, असे त्या पंथाची परंपरा सांगते. आज 'असेंब्ली ऑफ गॉड' या नावाने ब्राझीलमध्ये सर्वाधिक अनुयायी असलेला पेंटेकोस्टल पंथ तो हाच. अँड्र्यू चेस्नट या अमेरिकन अभ्यासकाने याच बेलेंगच्या दरिद्री वस्त्यांत राहून संशोधन केले व १९९७ साली ग्रंथरूपाने निष्कर्ष मांडला, की येथील धर्मांतराची वाट बहुधा रोग, दारू आणि गृहकलह यांतून जाते. या तिहींना तो दारिद्र्याचे रोगजंतू मानतो. दवाखान्याचे दार ज्यास बंद आहे त्याच्या कपाळावर कोणीतरी हात ठेवून, त्याचे नाव उच्चारून, मोठ्याने प्रार्थना करते, ही गोष्ट आपण सुखवस्तू लोक समजतो तेवढी क्षुल्लक नाही.

परंतु या विषयावर मी जे काही वाचले त्यात माझ्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटविला तो एलिझाबेथ ब्रुस्को या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी शेजारच्या कोलंबियात केलेल्या अभ्यासाने. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्रश्न विचारला तो असा, की ज्या पंथाचा उपदेश स्त्रीने पतीच्या आज्ञेत राहावे असा आहे, त्या पंथात स्त्रियाच आधी आणि अधिक संख्येने का जातात? त्याचे उत्तर त्यांना घरखर्चाच्या हिशेबात सापडले. त्या समाजात पुरुषाचा पुरुषार्थ गुत्त्यात, जुगारात आणि बाहेरख्यालीपणात सिद्ध होई, आणि त्याची किंमत घरातील मुले आपल्या ताटातून चुकवीत. नव्या पंथाने दारू, तंबाखू, जुगार आणि परस्त्री ही सर्व पाप ठरवली. दीक्षा घेतलेला नवरा संध्याकाळी गुत्त्याऐवजी प्रार्थनासभेत बसू लागला, रविवारी पांढरा सदरा घालून बायकोमुलांसह चालू लागला, आणि जो पैसा बाहेर झिरपत होता तो धान्यात, पुस्तकांत आणि छपराच्या दुरुस्तीत जिरू लागला. घरातील श्रेष्ठत्वाचा मान पुरुषाकडेच राहिला, परंतु पुरुषाची इच्छाआकांक्षा घराच्या उंबरठ्याच्या आत आली. ब्रुस्को यांच्या मते ही स्त्रियांची एक चळवळच आहे, जरी तिच्या ध्वजावर स्त्रीमुक्तीचा शब्द कोठेही लिहिलेला नाही.

गळ्यात माळ घातल्यावर बाटली सुटलेला एखादा माळकरी ज्याने आपल्या गावात पाहिला आहे, त्या मराठी वाचकास हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. दारू सोडण्याचा संकल्प एकट्याने करणे कठीण. तो चारचौघांसमोर उच्चारला, चारचौघे रोज भेटत राहिले आणि घसरलेल्यास उचलण्यास आले, तरच तो टिकतो. कॅथलिक धर्मानेही दारूबाजीस पाप म्हटलेच होते. परंतु हजारो कुटुंबांच्या धर्मग्रामात कोण प्यायला आणि कोण रविवारी आला नाही, हे एकट्या फादरला कळावे कसे?

कॅथलिक धर्मसंस्था गरिबांविषयी उदासीन होती, असे म्हणणे घोर अन्यायाचे होईल. १९६८ साली मेदेयिन येथे भरलेल्या परिषदेत लॅटिन अमेरिकेतील बिशपांनी दरिद्री जनतेची बाजू घेतली, धर्मगुरू गुस्ताव्हो गुतिएर्रेस यांनी मुक्तिवादी धर्मशास्त्राची मांडणी केली, आणि लष्करी राजवटींच्या काळात कित्येक धर्मगुरूंनी प्राण गमावले. तरीही चर्चने गरिबांना निवडले आणि गरिबांनी पेंटेकोस्टलांना निवडले, अशी एक उक्ती त्या खंडात रूढ झाली, आणि तिच्यातील सत्य बोचरे आहे. अन्यायाची व्यवस्था बदलण्याचे आवाहन उदात्त खरे. परंतु ज्या बाईचा नवरा आज रात्री पिऊन येणार आहे तिला आज रात्रीसाठी काहीतरी हवे असते.

या नव्या पंथांचे सर्वच रूप वंदनीय आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. एदिर मासेदो यांनी १९७७ साली रिओत स्थापिलेल्या 'युनिव्हर्सल चर्च'ने दशांश जितका मोठा तितका ईश्वरी प्रसाद मोठा, असा समृद्धीचा उपदेश चालविला, १९८९ साली दूरचित्रवाणी वाहिनी खरेदी केली, आणि २०१४ मध्ये साऊँ पाउलूत सॉलोमनच्या मंदिराची भव्य प्रतिकृती उभारली. याच पंथाच्या एका बिशपाने १९९५ साली, ब्राझीलची संरक्षक मानल्या गेलेल्या अपारेसिदा मातेच्या, म्हणजे मरियेच्या, सणाच्या दिवशी, तिच्या मूर्तीला दूरचित्रवाणीवर लाथा मारल्या आणि साऱ्या देशाचे मन दुखावले. दरिद्री मनुष्याच्या आशेवर मांडलेला व्यापार आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचा असा अवमान या दोन्ही गोष्टी धर्माच्या नावास काळिमा लावणाऱ्या आहेत.

ब्राझीलमध्ये या नवदीक्षितांस लोक 'क्रेंते' म्हणतात, म्हणजे श्रद्धावान. आणि गोव्यातील किंवा मुंबईतील कॅथलिक घरांतून जो असा निघून जातो त्यास आपल्याकडे 'बिलिव्हर' म्हणतात, तोही शब्द त्याच अर्थाचा. दोन्ही ठिकाणी त्या शब्दात दुखावलेल्या कुटुंबाची तक्रार ऐकू येते: घरातील वेदीवरची मूर्ती तो हलवितो, सणाला येत नाही, आजीच्या वार्षिक मिस्सेला उभा राहत नाही. हे दुःख खरे आहे. परंतु त्या नावातच एक प्रश्नही दडला आहे, की श्रद्धावान हे विशेषण बाहेर पडणाऱ्यास का लागावे, आणि घरात राहिलेल्यांनी ते का गमवावे?

फादरांचा तो जुना तुटवडा अजून सरलेला नाही. ॲमेझॉनच्या अरण्यातील कित्येक वस्त्यांना ख्रिस्तप्रसाद वर्षातून एकदाही मिळत नाही म्हणून २०१९ च्या ऑक्टोबरात रोमला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने विवाहित पुरुषांना गुरुदीक्षा द्यावी अशी शिफारस बहुमताने केली; फेब्रुवारी २०२० मधील पोप फ्रान्सिस यांच्या पत्रात त्यावर निर्णय आला नाही. त्याच ॲमेझॉनमधील आक्रे राज्यात आज ४४.४ टक्के लोक इव्हँजेलिकल आहेत, ब्राझीलच्या सर्व राज्यांत सर्वाधिक. इव्हँजेलिकल मंडळींनीही या आकड्यांवर फार हुरळून जाऊ नये. २००० ते २०१० या दशकात त्यांचे प्रमाण सहा टक्केबिंदूंहून अधिक वाढले होते, ते पुढील बारा वर्षांत पाचाच्या आसपासच वाढले; आणि कोणताच धर्म न सांगणारे ९.३ टक्के झाले आहेत. म्हणजे एका देवळातून दुसऱ्यात गेलेला मनुष्य तेथेच राहील, याचीही हमी नाही.

माझे मत मी स्पष्टपणे नोंदवितो. या लोकांनी कॅथलिक धर्म सोडला त्याच्या पुष्कळ आधी, अंतराने, संख्येने आणि नियमांनी, धर्मसंस्था त्यांच्यापासून दूर गेलेली होती. ज्या कोणत्या धर्माला आपली माणसे राखावयाची असतील, त्याने आजाऱ्याच्या उशाशी आणि दारुड्याच्या उंबरठ्यावर सर्वांच्या आधी पोहोचले पाहिजे. उशिरा पोहोचणाऱ्यास मागाहून धर्मांतराची तक्रार करण्याचा अधिकार नाही.